खाली पडलेलं पीस

ओक्लाहोमात येऊन चार वर्षं झाली, पण इथल्याच अनाडार्को गावी जायचा योग यंदाच्या ऑक्टोबरात आला. कायोवा या मूळ अमेरिकन जमातीच्या माजी सैनिकांचा, ‘ब्लॅक लेगिंग्ज’ या योद्धा-संघाचा सोहळा तिथे असतो. मधली कित्येक वर्षं बंद पडलेला हा जुना संघ दुसऱ्या महायुद्धातून आणि कोरियाच्या युद्धातून परतलेल्यांनी १९५८ मध्ये पुन्हा उभा केला.

माझ्या शेजारी एक कायोवा आजी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर लांबट पेटी, पेटीत पिसांचा टोप. त्यांनी तो उचलला आणि मी जवळून पाहिला. सोनेरी गरुडाच्या शेपटीची पांढरी पिसं, टोकाला काळसर. प्रत्येकाचं देठ लाल कापडात गुंडाळलेलं, बुडाशी मऊ पांढरी लव, कपाळावर मण्यांची पट्टी. एका गरुडाच्या शेपटीत पिसं बाराच, म्हणजे एका टोपाला दोन-तीन पक्षी तरी लागतात.

पूर्वी ही पिसं पराक्रम करून मिळवावी लागत. शत्रूला नुसता हात लावून जिवंत परत येणं हा मोठा पराक्रम. शिरपेचात तुरा खोवणं आपण बोलण्यात वापरतो. इथे ते शब्दशः खरं आहे. आजही गरुडाचं पीस वाटेल त्याला बाळगता येत नाही. सोनेरी गरुडाला १९६२ पासून कायद्याचं संरक्षण आहे. मेलेले गरुड डेन्व्हरजवळच्या सरकारी भांडारात जमा होतात आणि मान्यताप्राप्त जमातींच्या लोकांना अर्ज केल्यावर तिथून मिळतात. त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

आजींनी तो टोप नातीच्या डोक्यावर चढवला. टोप सहसा पुरुषांचा, पण या संघाची राजकन्या म्हणून निवडलेल्या मुलीला तो घालण्याचा मान असतो. ती सगळ्या योद्ध्यांच्या वतीने उभी असते. मुलगी मान ताठ ठेवून, अगदी सावकाश रिंगणात गेली. आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला मुलांना रंगीत पिसं बांधून ‘रेड इंडियन’ करतात, ते आठवून मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने एका नर्तकाचं पीस गळून मातीत पडलं. ढोल थांबला. निवेदकाने कॅमेरे बंद करायला सांगितले. सगळे उठून उभे राहिले, आजीही, काठी टेकत. एक म्हातारे माजी सैनिक पुढे आले, पुटपुटत प्रार्थना केली, वाकून दोन्ही हातांनी ते पीस उचललं आणि त्या तरुणाच्या हातात दिलं. मगच ढोल पुन्हा सुरू झाला.