आपली होडी कोणती?

२५ एप्रिल, रात्र. ऑकलंड.

पहाटे साडेचारचा गजर लावला होता, पण लेक आधीच उठून बसलेली. कागदी लाल पॉपी स्वेटरला टाचून घेतली आणि मला म्हणते, "आई, तुला नाहीये का फूल?" नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून मी ॲन्झॅक डेच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या, पहाटे कधी गेलेच नव्हते. सुट्टी आहे, झोपून घ्यावं, एवढाच माझा त्या दिवसाशी संबंध. यंदा हिने हट्ट धरला.

डोमेन नावाच्या बागेतल्या टेकडीवर, म्युझियमसमोर, अंधारात हजारो माणसं उभी होती आणि आवाज नाही. वेळ काकडआरतीची, पण टाळ-मृदंग नसलेली. कुणाचं तरी तान्हं रडलं तेवढंच. मग बिगुल वाजलं. पुढच्या रांगेत एक आजोबा होते, कोटाच्या उजव्या बाजूला पदकं. लेकीने कानात सांगितलं की उजव्या बाजूला म्हणजे ती त्यांची स्वतःची नव्हेत, वाडवडिलांची. हे मला माहीत नव्हतं.

१९१५ साली, पहिल्या महायुद्धात, याच तारखेला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं. त्या मोहिमेत न्यूझीलंडचे २,७७९ जण गेले. देश केवढा, तर जेमतेम दहा-अकरा लाख वस्तीचा. आणि मोहीम सपशेल फसली. हरलेल्या लढाईसाठी अख्खा देश पहाटे उठतो याचं इथे आलेल्या आपल्या लोकांना नवल वाटतं. मला वाटलं नाही. आपण तरी पानिपत कुठे विसरलोय?

उजाडल्यावर म्युझियम उघडलं. वरच्या मजल्यावर संगमरवरी भिंती, आणि भिंतीभर नावं. फक्त नावं. लेक बोटाने एकेक वाचत गेली, मी मागे. खाली आलो तर समोर 'ते तोकी आ तापिरी'. माओरींची, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांची युद्धहोडी, १८३६ च्या सुमाराची, २५ मीटर लांब, शंभर माणसं बसतील एवढी. आपल्या शेतातल्या विहिरीत ही आडवी काही मावायची नाही, असा वेडगळ विचार मनात आला.

तिथेच लेकीने तो प्रश्न परत काढला, आपली होडी कोणती? शाळेत त्यांना पेपेहा, म्हणजे माओरी पद्धतीची स्वतःची ओळख, म्हणायचा असतो. माओरी माणूस आपली ओळख सांगताना नाव शेवटी सांगतो. आधी माझा डोंगर अमुक, माझी नदी तमुक, माझी होडी, म्हणजे वाका, फलाणी. डोंगर आम्ही अजिंक्यतारा सांगितला, नदी कृष्णा. होडीशी गाडी अडली. बाबाने सांगितलं, "सिंगापूरहून आलेलं विमान, सीट ४२ सी." ती चिडली होती.

तिचं चिडणं बरोबरच होतं. होडी म्हणजे यांचं कूळ. ताइनुई, ते आरावा, माताआतुआ, ताकितिमु ही नुसती होड्यांची नावं नव्हेत. त्या होड्यांतून आलेल्यांचे वंशज अजून त्याच नावांनी ओळखले जातात, आणि येऊन सातशे-साडेसातशे वर्षं झाली. ज्या होड्यांनी समुद्र ओलांडला त्या म्युझियममधल्या होडीसारख्या नव्हत्या, दोन सांगाडे शेजारी बांधून केलेल्या जोडहोड्या होत्या. मला कोकणातल्या होडीची उलांडी आठवली. एका बाजूला बांधलेला तो लाकडी ओंडका नसेल, तर लाटेत होडी कलंडते. तत्त्व तेच.

या दर्यावर्दींची मला सर्वांत आवडलेली गोष्ट वाऱ्याची. प्रशांत महासागरात वारा बहुतेक काळ पूर्वेकडून वाहतो आणि हे लोक शोधायला निघाले पूर्वेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. मूर्खपणा वाटेल, पण हिशेब पक्का. वारा थोडे दिवस फिरला की पुढे सरकायचं. जमीन नाही मिळाली तर नेहमीचा वारा आपसूक घरी आणून सोडतो. बेट जवळ आल्याची खूण पक्ष्यांवरून, ढगांच्या खालच्या रंगावरून, बेटावर आपटून उलट फिरलेल्या लाटेवरून. ती लाट डोळ्यांपेक्षा होडीत आडवं पडून पाठीला जास्त कळते म्हणतात. आणि बरोबर काय, तर रताळी! मूळची दक्षिण अमेरिकेची. युरोपीय गलबतं या समुद्रात यायच्या कितीतरी आधी ती बेटांवर पोचली होती. आपल्याकडे ती आली नंतर, आणि थेट एकादशीच्या ताटात बसली.

हे सगळं योगायोगाने, वाहत वाहत झालं असणार, असं विद्वान १९५० च्या दशकातही म्हणत. मग १९७६ साली 'होकुलेआ' नावाची जोडहोडी, माओरींच्याच दर्यावर्दी भाऊबंदांची, हवाई बेटांवरून ताहिती बेटाला गेली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. वाट दाखवायला माऊ पिआइलुग नावाचा माणूस थेट मायक्रोनेशियाहून आणावा लागला, कारण ही विद्या हवाईत कुणाला येईनाशी झाली होती. होकुलेआ म्हणजे स्वाती. आपल्याकडे स्वातीच्या थेंबाचा मोती होतो. त्यांच्याकडे स्वाती डोक्यावर आली की खाली हवाई.

१९८५ च्या डिसेंबरात ती होडी न्यूझीलंडला आली. वायटांगीला स्वागत करणाऱ्यांत सर जेम्स हेनारे होते. ते म्हणाले, आमच्या उत्तरेकडच्या पाच जमाती आपलं मूळ होडीवरून सांगतात, तुम्हीही होडीनेच आलात, तर तुम्ही आमची सहावी जमात. नावही दिलं, स्वातीच्याच माओरी नावावरून. हा माणूस कोण, तर दुसऱ्या महायुद्धातल्या २८ व्या माओरी बटालियनचा शेवटचा कमांडर. १९४६ च्या जानेवारीत उरलेल्या पोरांना घेऊन परत आलेला. सुमारे ३,६०० गेले होते, त्यातले ६४९ कामी आले.

त्या पलटणीतल्या कंपन्याही जमातींनुसार होत्या, म्हणजे घुमवून-फिरवून होड्यांनुसारच. एका कंपनीची फळी कापली गेली की एकाच खोऱ्यातल्या घराघरांत तार. त्या पलटणीतलाच एक सेकंड लेफ्टनंट न्गारिमु. मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियातल्या एका उघड्या टेकडीवर दोनदा जखमी होऊन रात्रभर हटला नाही, सकाळी गेला. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. अजून चोविशीचाही नव्हता. त्याचं पाळण्यातलं नाव होतं ते मोआनानुई-आ-किवा. किवाचा महासागर. प्रशांत महासागराचं माओरी नावच ते. आईबापांनी लेकराला समुद्राचं नाव दिलं आणि तो वाळवंटाच्या कडेला संपला. हे वाचलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला आणि जरा वेळ नुसती भांडी घासली.

दोन वर्षांनी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीतल्या सेनिओ नदीवर न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी-शेजारी उतरल्या. आपल्या बाजूला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव होते, नगर जिल्ह्यातले. सुरुंग पेरलेल्या काठावरून त्यांनी दोन जखमींना नदीपार उचलून नेलं, मग हात जखमी असताना मशीनगनची ठाणी बंद पाडली, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची आरोळी दिली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. शेजारच्या डिव्हिजनमध्ये माओरी होते. ती आरोळी त्यांच्यापर्यंत पोचली असेल का, हे मी दुपारभर मनात घोळवत होते.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक पाटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव बसवली त्यातलीच. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. दोन आकडे, बस्स. लहानपणी आम्ही तिच्याखाली लगोरी खेळायचो. आज भिंतभर नावं बघून आल्यावर प्रथमच लक्षात आलं, की तिच्यावर एकही नाव नाही. परत न आलेल्यांचा आकडा तर एका हाताच्या बोटांवर मावेल एवढा. तेवढी नावं कोरायला किती दगड लागला असता?

संध्याकाळी आत्याला फोन लावला. तिकडे दुपार, पंख्याचा आवाज येत होता. "व्हय की, बसऱ्याला गेल्ती म्हणायची थोरली आजी. वरच्या आळीतला एक. बाकीचं कोण, ते काय ठावं न्हाई बाई." मग जरा थांबून म्हणाली, "देवळामागच्या आप्पांना ठावं आसंल. पण त्यांना आता ऐकू येत न्हाई. कागदावर मोठ्ठं लिहून विचारते."

लेक शेजारीच होती. म्हणाली, कागदावर माझा पण प्रश्न लिहायला सांग, ते बसऱ्याला कोणत्या बोटीने गेले.