‘आऊटस्मार्ट’ म्हणजे फसवणे नव्हे

मी नाशिकमध्ये वकिलांसाठी इंग्रजी कागदपत्रांचे मराठी भाषांतर करते. गेल्या हंगामानंतर निफाडकडचे काही द्राक्ष बागायतदार आपल्या वकिलांसह माझ्याकडे आले. निर्यातदाराच्या कार्यालयातून चुकून त्यांना आलेला एक ईमेल त्यांच्या हाती होता आणि त्यातल्या ‘वी आऊटस्मार्टेड द ग्रोअर्स ऑन प्राइस’ या वाक्याखाली जाड रेघ ओढलेली होती. गावात कुणीतरी त्याचा अर्थ ‘भावात आम्ही बागायतदारांना फसवले’ असा सांगितला होता, त्यामुळे समोरच्याने फसवणुकीची लेखी कबुलीच दिली आहे, अशी सर्वांची खात्री झाली होती.

ती खात्री मला मोडावी लागली. इंग्रजीत अशा क्रियापदांना ‘आऊट’ लागले की कोणीतरी कोणाच्या तरी पुढे गेले, एवढेच कळते. धावण्यात पुढे गेला तर आऊटरन, जास्त जगला तर आऊटलिव्ह, बुद्धीने वरचढ ठरला तर आऊटविट किंवा आऊटस्मार्ट. कोणावर मात झाली हे कर्मावरून समजते. ती खोटे बोलून झाली की नुसते डोके चालवून, हे मात्र वेगळे सांगावे लागते. शिवाय या क्रियापदात दोषापेक्षा कौतुकच अधिक असते. 1666 साली शिवाजी महाराजांनी आग्र्यात औरंगजेबाच्या हातावर तुरी दिल्या, त्या प्रसंगालाही इंग्रजीत आऊटविट शोभून दिसते.

“म्हणजे ताई, त्यांनी आम्हाला बुडवलं नाही, असं म्हणता?” एका वयस्कर बागायतदारांनी विचारले. त्यांचा संताप मला समजत होता. पण मी ‘फसवले’ लिहिले असते, तर समोरच्या वकिलांनी शब्दकोश उघडून सगळे भाषांतरच संशयास्पद ठरवले असते, आणि त्यात नुकसान याच माणसांचे होते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 17 नुसार नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. जाणूनबुजून खोटे सांगणे किंवा मुद्दाम काही करून वस्तुस्थिती दडवणे ही मात्र ठरते. बाजार चढला आहे हे ठाऊक असून व्यापारी केवळ गप्प बसला असेल, तर त्याने आऊटस्मार्टच केले म्हणायचे.

मी ‘भावाच्या बाबतीत आम्ही बागायतदारांवर चतुराईने मात केली’ असे लिहिले.

वकिलांनी मग नेमका प्रश्न विचारला: सौदा होण्याआधी ते तुम्हाला काय म्हणाले होते? एका तरुणाने मोबाईलवरचा निर्यातदाराचा संदेश दाखवला: ‘परदेशातली मागणी निम्म्यावर आली आहे, आज माल दिला नाही तर पडून राहील.’ मी ईमेल पुन्हा वरपासून वाचला. रेघ ओढलेल्या वाक्याच्या बऱ्याच वर, कुणाचेही लक्ष न गेलेल्या परिच्छेदात, तो सगळा महिना परदेशात मागणी जोरात होती, असे स्वच्छ लिहिलेले होते. वकिलांनी तो परिच्छेद आणि तो संदेश दाव्याच्या मसुद्यात शेजारी शेजारी घेतले आणि आऊटस्मार्टचे वाक्य त्यांच्यानंतर जोडले.