मुनीमजींचे डेस्क

गेल्या मार्चअखेरीस माझी मान डावीकडे वळेनाशी झाली. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी एकोणीस वर्षे लिपिक आहे. सायंकाळी मानेपासून खांद्यापर्यंत ठणका लागणे आमच्या शाखेत इतके अंगवळणी पडले आहे की, वेदनाशामक मलमाची ट्यूब स्टॅम्पपॅडशेजारीच असते आणि ती कोणाची, हे कोणी विचारत नाही. आईजवळ तक्रार केली, तेव्हा आयुष्यभर कापूस वेचलेल्या माझ्या आईने अहिराणीत विचारले, "दिनभर खुर्चीवर बसस, तुनं काय दुखस रे?"

तिची कंबरही दुखतेच. पण वेचणी करणारी बाई झाडागणिक पुढे सरकते, आम्ही मात्र एकाच कोनात थिजून बसतो. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. ते मानेवर सरळ तोललेले असेपर्यंत जाणवत नाही, पण पुढे झुकले की मानेमागच्या स्नायूंना ते सतत धरून ठेवावे लागते, आणि ताण थोडा असला तरी तासन्तास उसंत न मिळालेला स्नायू दुखू लागतो. हे दुखणे संगणकाने आणले, असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ सालीच लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे नोंदवली होती: सततची बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. त्यात आजही खोडण्यासारखे काही नाही.

एक्स-रेमध्ये थोडी झीज दिसली. ती पाहून मी घाबरलो, पण अशी झीज मुळीच न दुखणाऱ्या माणसांतही आढळते, असे डॉक्टरांनी सांगितले. हातात मुंग्या येणे किंवा पकड ढिली पडणे असे काही असते तर गोष्ट वेगळी होती. "काम करताना नेमके कुठे पाहता?" एवढे त्यांनी विचारले, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतःवरच पाळत ठेवली. जुनी हस्तलिखित नोंदवही डावीकडे टेबलावर आडवी पडलेली आणि पडदा समोर. प्रत्येक नोंदीला मान खाली आणि डावीकडे, मग वर, मग पुन्हा खाली. खुर्ची बदलून यात काय फरक पडणार होता?

आमचे आजोबा अमळनेरला कापसाच्या अडतीवर मुनीम होते. गादीवर मांडी घालून, उतरत्या झाकणाच्या छोट्या लाकडी डेस्कवर ते खतावणी लिहीत. ते डेस्क माळ्यावर होते. झाकणावर शाईचे डाग आणि कडेला, बहुधा मनगट टेकून टेकून, गुळगुळीत झालेली खोलगट जागा. ते पुसून कार्यालयात नेले, पडद्याला खेटून ठेवले आणि वही त्यावर उभी केली. शिपायाने चहा ठेवता ठेवता विचारले, "भाऊसाहेब, कोणती पोथी लावली?"

तीन आठवड्यांनी मान वळू लागली. अर्थात, त्याच काळात मी दर अर्ध्या तासाने उठून माठापर्यंत जाऊ लागलो होतो, त्यामुळे सगळे श्रेय डेस्कला देता येत नाही. उजवा खांदा मात्र अजून दुखतो, कारण कीबोर्डचा सरकता कप्पा मोडलेला आहे आणि माऊससाठी हात लांबवावा लागतो. नव्या कप्प्याचे मागणीपत्र जूनमध्ये दिले होते. ते तीन प्रतींत हवे म्हणून परत आले आहे.