2,14,74,83,647 : ऑयलरची मूळ संख्या

2 च्या 31 व्या घातातून 1 वजा केला की 2,14,74,83,647 ही संख्या मिळते. ती मूळ आहे हे गणितज्ञ लिओनहार्ड ऑयलर याने 1772 मध्ये सिद्ध केले. आज हिच्याहून प्रचंड मोठ्या मूळ संख्या ठाऊक आहेत; तरीही माझे मन हिच्यावरच जडले आहे, कारण हिची सिद्धता संगणकाच्या मदतीवाचून, कागदावर पडताळून पाहता येते.

या संख्येचे वर्गमूळ 46,340 च्या किंचित पुढे आहे. सरळ मार्गाने जायचे तर तिथपर्यंतच्या पावणेपाच हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. पण समजा, क ही मूळ संख्या तिला भागते. मग 2 च्या 31 व्या घाताला क ने भागल्यावर बाकी 1 उरते, आणि 31 स्वतः मूळ असल्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही घाताला ती 1 उरत नाही. फर्माच्या छोट्या सिद्धांताप्रमाणे 2 च्या क वजा 1 या घातालाही क ने भागल्यावर बाकी 1 च उरते. म्हणून क वजा 1 ला 31 ने भाग गेलाच पाहिजे, आणि क विषम असल्याने 62 नेही. शिवाय 2 च्या 32 व्या घाताची बाकी 2 येते, म्हणजे क च्या दृष्टीने 2 हा एक वर्ग ठरतो (एका वर्गसंख्येला क ने भागून बाकी 2 उरते), आणि हे घडते ते क ला 8 ने भागून 1 किंवा 7 उरत असतील तेव्हाच. दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 एवढीच उरू शकते. अशा संख्या 46,340 पर्यंत पावणेचारशेच्या आतच आहेत, आणि त्यांतल्याही बहुतेक मूळ नसल्याने आपोआप गळतात. पहिली उरते ती 311. तिने 2,14,74,83,647 ला भागल्यास बाकी 35 येते; पुढच्यांपैकीही कोणीच तिला भागत नाही. मला ऑयलरच्या चिकाटीपेक्षा ही काटछाट अधिक थोर वाटते.

ऑयलरच्या या मूळ संख्येला 2 च्या 30 व्या घाताने गुणले की एक परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीजच्या आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, मिळते. याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, असे इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो याने 1811 मध्ये लिहिले होते. या मूळ संख्येचा उपयोग मात्र पुढे झाला. 1969 मध्ये आयबीएमच्या सिस्टिम 360 संगणकासाठी मांडलेल्या यादृच्छिक (रँडम) संख्या तयार करण्याच्या पद्धतीत दर वेळी 16,807 ने गुणून 2,14,74,83,647 ने भागायचे आणि बाकी पुढे न्यायची, असा क्रम असतो. 16,807 म्हणजे 7 चा पाचवा घात. 7 चे घात घेत गेल्यास 1 पासून 2,14,74,83,646 पर्यंतची प्रत्येक बाकी एकेकदा येऊन जाते, आणि मगच आवर्तन सुरू होते. 2,14,74,83,646 चे मूळ अवयव 2, 3, 7, 11, 31, 151 आणि 331 असून त्यांत 5 नसल्याने हाच गुण 7 च्या पाचव्या घातातही उतरतो.