सही झाल्यावरचे तीन महिने : फिलिपिनो बास्केटबॉलपटूला जपानला धाडताना

मनिलातल्या एका एजंटाच्या कचेरीत खेळाडूंच्या कागदपत्रांचं काम मी बघतो. बातमी येते ती ‘अमुक गार्ड जपानच्या क्लबात’ एवढीच. गार्ड म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारा. फोटोत खेळाडू जर्सी धरून हसतो आणि त्याच दिवशी आमची फाईल उघडते. जूनअखेर सही झाली, तर ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्याला माणूस कोर्टवर उभा करायला हातात तीन महिने असतात. ते पुरतात, पण कागदांचा क्रम चुकला नाही तरच.

आधी जागेचं गणित. जपानची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बी.लीग, २०१६ साली सुरू झाली आणि २०२०-२१ च्या हंगामापासून तिने आशियाई खेळाडूसाठी एक खास जागा ठेवली. त्या जागेवर गेलेला पहिला फिलिपिनो थर्डी रावेना, सान-एन निओफिनिक्स क्लबात. पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ कीफर शिगाला, ड्वाइट रामोस तोयामाला आणि रे पार्क्स ज्युनियर नागोयाला गेला. पण जपानी नागरिकत्व घेतलेला परदेशी खेळाडूही याच जागेत मोजला जाई. क्लबाकडे असा एखादा उंच सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा, आधीच असेल, तर तुमचा गार्ड कितीही चपळ असो, तिथे अर्ज धाडणं म्हणजे टपालखर्च वाया. कोरियाच्या केबीएल या लीगचं वेगळं. २०२२ पासून तिथे फिलिपिनोंना दार उघडलं आणि आशियाई कोट्यातला खेळाडू ते स्थानिकांत धरतात. तेव्हा परदेशी खेळाडू कोर्टवर एका वेळी एकच असायचा, आणि तो बहुधा बास्केटखाली उभा राहणारा, त्यामुळे चेंडू गार्डच्या हाती राहायचा. तिथल्या वोंजू संघाच्या ईथन अल्वानोला २०२३-२४ चा स्थानिक खेळाडूंमधला एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा, किताब मिळू शकला तो याच हिशेबामुळे. जपानात २०२६-२७ पासून बी.प्रीमियर ही नवी रचना आहे. जागांचा नियम त्या त्या हंगामाचा वाचावा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर बोलणी करू नयेत.

आणखी एक गल्लत नेहमी होते. फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाचा सोळा वर्षांचा नियम, म्हणजे सोळाव्या वाढदिवसाआधी पासपोर्ट हाती होता का, हा राष्ट्रीय संघासाठी आहे. जपानच्या लीगच्या कोट्याला त्याच्याशी देणंघेणं नाही, तिथे खेळाडू फिलिपिन्सचा नागरिक आहे की नाही हा प्रश्न. अमेरिकेत वाढलेल्या मुलांचे आईवडील हे दोन्ही नियम एकत्र कालवून घाबरतात.

आता नाव. सगळ्यात जास्त फायली अडकतात त्या नावापायी. फिलिपिनो माणसाचंही नाव आपल्यासारखंच तीन पदरी असतं, फक्त आपल्याकडे मध्ये वडील येतात आणि त्यांच्याकडे आईचं माहेरचं आडनाव. जपानी क्लबाच्या फॉर्मवर दोनच रकाने: आडनाव आणि नाव. क्लबातला कारकून मधलं नाव कधी पहिल्या नावाला जोडतो, कधी गाळतो, कधी त्यालाच आडनाव समजून बसतो. वर ‘ज्युनियर’ आणि ‘थर्ड’ ही शेपटं आहेतच. थर्डी हे लाडकं नावच मुळी ‘फर्डिनांड रावेना तिसरा’ यातून आलं. असं शेपूट एका कागदावर नावामागे लागतं, दुसऱ्यावर आडनावामागे आणि विमानाच्या तिकिटावर गायब होतं. यावर माझा एकच इलाज: सहीच्या दिवशी पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत क्लबाला पाठवायची, तिच्यावर आडनाव, नाव आणि मधलं नाव यांना तीन रंगांनी खुणा करायच्या आणि लिहायचं की प्रत्येक कागदावर अक्षरन् अक्षर असंच हवं.

पासपोर्ट बरोबर असला तरी जन्मदाखला बरोबर असेलच असं नाही. दाखला पीएसएचा, म्हणजे त्यांच्या सांख्यिकी प्राधिकरणाचा लागतो, आणि जपानी दूतावासाला प्रत वर्षाच्या आत काढलेली हवी. प्रांतातून आलेल्या बऱ्याच मुलांच्या जन्माची नोंद उशिरा झालेली असते. अशा दाखल्यासोबत बाप्तिस्म्याचा दाखला आणि शाळेची नोंद, म्हणजे ‘फॉर्म १३७’, जोडावी लागते. शाळा बेटावर, खेळाडू मनिलात आणि सुट्टी चालू, असा योग आला की दोन आठवडे गेलेच. स्पेलिंगची चूक असेल तर २००१ च्या ९०४८ क्रमांकाच्या कायद्याने स्थानिक निबंधक कोर्टाविना दुरुस्त करतो. जन्माचा दिवस किंवा महिना चुकला असेल तर २०१२ चा १०१७२ क्रमांकाचा कायदा आहे. वर्ष चुकलं असेल तर मात्र कोर्टाची पायरी. निबंधकाकडची दुरुस्तीसुद्धा महिन्यांच्या हिशेबाने चालते, दिवसांच्या नाही. म्हणून दाखला मी करारानंतर मागत नाही. बोलणी सुरू झाली की त्याच आठवड्यात मागवतो आणि आईच्या नावापासून वाचतो, कारण चूक बहुतेक तिथेच असते.

करारात पगाराचा आकडा सगळेच बघतात. मी आधी दोन शब्द शोधतो: कर कापून की कर धरून, आणि पगाराची हमी कधीपासून. हमी बहुतेक वेळा क्लबाच्या डॉक्टरांची तपासणी पास झाल्यावरच लागू होते. ती तपासणी पोचल्यावर किती दिवसांत होणार हे लिहिलेलं नसेल, तर खेळाडू तीन आठवडे सराव करतो आणि मग गुडघ्याचा एमआरआय निघतो. दिवस लिहून घ्यावेत. घर, दुभाषा, येण्याजाण्याची तिकिटं आणि गाडी हेही कागदावर हवं, ‘बघू’ वर नाही. तंटा कुठे चालणार तेही वाचावं. जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाचं, म्हणजे बॅटचं, कलम करारात असेल तर एकच लवाद बसतो, कामकाज इंग्रजीत चालतं आणि थकलेला पगार वसूल होण्याची आशा बरी असते. ज्या क्लबाने निकाल पाळला नाही, त्याला नवे खेळाडू नोंदवण्यावर फिबा बंदी घालू शकते.

मायदेशी जुना करार जिवंत असेल तर पुढचं सगळं थांबतं. देश बदलताना फिबाचं मोकळीक-पत्र लागतं. जपानचा महासंघ ते फिबाच्या संगणकीय यंत्रणेतून मागतो, फिलिपिन्सच्या महासंघाने सात दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि नकार द्यायला खरं कारण एकच चालतं: खेळाडू अजून करारात आहे. २०२१ मध्ये कीफर रावेनाचं गाडं इथेच अडलं. शिगाने नाव जाहीर केलं, पण पीबीए या फिलिपिन्सच्या व्यावसायिक लीगमधल्या एनएलईएक्स संघाशी त्याचा करार शिल्लक होता. पीबीएने आपला ‘युनिफॉर्म प्लेयर्स कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे सगळ्या खेळाडूंसाठीचा एकसारखा करार, पुढे केला आणि बरीच ओढाताण झाल्यावर त्याला जाऊ दिलं. थेट विद्यापीठातून जाणाऱ्याला ही अडचण नसते. पण व्यावसायिक करारावर सही केली की विद्यापीठाच्या स्पर्धेचं दार मागे बंद होतं, हे घरच्यांना आधी नीट सांगावं लागतं.

जपानच्या बाजूचं काम क्लब करतो. इमिग्रेशनकडून पात्रता प्रमाणपत्र काढायचं, ज्याला सगळे सीओई म्हणतात. व्यावसायिक खेळाडूचा दर्जा तिथे ‘कोग्यो’ या वर्गात येतो, ज्यात गायक-नर्तकही येतात. एन्टर्टेनर व्हिसा म्हटल्यावर एखाद्या आईचा चेहरा पडतो, तेव्हा हे समजावून सांगावं लागतं. सीओईला एक ते तीन महिने लागतात आणि निघाल्यापासून ते तीन महिनेच चालतं. त्यावर व्हिसा मिळायला साधारण आठवडा, कागद पुरे असले तर.

आणि मग येतो तो टप्पा ज्याची जपानी क्लबाला कल्पनाच नसते. फिलिपिन्समधून कामासाठी बाहेर पडणाऱ्याला ओईसी लागतं, म्हणजे परदेशी रोजगाराचं प्रमाणपत्र. ते देतं स्थलांतरित कामगार खातं, म्हणजे डीएमडब्ल्यू, कचेरी मांडालुयोंगला ओर्तिगास रस्त्यावर. परदेशी मालकाने एजन्सीशिवाय थेट माणूस नेणं तिथल्या कामगार कायद्यात मुळात बंद आहे, कुशल आणि व्यावसायिक लोकांना सूट आहे. खेळाडू त्या सुटीतून जातो, पण सूट मागायची पद्धत नर्सला तीच त्याला. करार आधी टोकियो किंवा ओसाकातल्या फिलिपिन्सच्याच कामगार कार्यालयाकडून तपासून शिक्का मारून यावा लागतो. हे कार्यालय करारात अशी कलमं शोधतं जी बास्केटबॉलच्या करारात कोणी लिहीत नाही: परतीचं तिकीट मालकाचं, आणि मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पोचवण्याचा खर्चही मालकाचा. लीगच्या छापील करारात क्लबाला फेरफार करता येत नाही, कार्यालय कलमाशिवाय शिक्का देत नाही, आणि दोघं एकमेकांना नम्र ईमेल पाठवत बसतात. यातून वाट एकच, वेगळं पुरवणीपत्र. एका पानाचं, मूळ कराराची तारीख टाकून, दोघांच्या सह्यांचं. मी ते आता मूळ करारासोबतच पाठवतो. ‘पार्थिव’ हा शब्द वाचून क्लबाचा फोन येतोच, त्याची तयारी ठेवायची.

शिक्का आला की डीएमडब्ल्यूचे दोन टप्पे. पहिल्यात कागद तपासून मंजुरी. दुसऱ्यात मान्यताप्राप्त दवाखान्याचा वैद्यकीय दाखला, विमा, ऑनलाइन माहितीवर्ग आणि निघण्यापूर्वीचा माहितीवर्ग. वर ओडब्ल्यूडब्ल्यूए या कल्याणनिधीचं सदस्यत्व, दोन वर्षांचे २५ डॉलर. क्लबाचा विमा गुडघा-घोट्याचा असतो, खात्याला अपघाती मृत्यू आणि परतीचा खर्च झाकणारा विमा हवा असतो. दोन्ही वेगळे. क्लबाचा दाखवून भागत नाही. माहितीवर्गात सहा फूट चार इंचांचा पोरगा प्लास्टिकच्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन बसतो, शेजारी होक्काइडोच्या कारखान्यात निघालेल्या बायका, आणि सगळे मिळून पगाराची पावती कशी वाचायची ते ऐकतात. माझ्या मते हा वर्ग वायफळ नाही. जपानी पावतीवर कापली जाणारी पेन्शन आणि आरोग्यविमा ज्याला ऑगस्टमध्ये कळला, तो नोव्हेंबरमध्ये ‘क्लबाने फसवलं’ म्हणून फोन करत नाही.

ओईसी हाती आल्यापासून ६० दिवस चालतं. सीओईचे ९० आणि हे ६०, दोन्ही मुदती एकमेकींवर बसल्या पाहिजेत, म्हणून तिकीट सगळ्यात शेवटी. ओईसी असलं की १,६२० पेसोंचा प्रवासकरही माफ. घाईतला क्लब सुचवतो, ‘आधी पर्यटक म्हणून येऊ दे, सरावाला लागेल, मग बघू.’ याला मी साफ नाही म्हणतो. मनिलाच्या विमानतळावर अशा माणसाला इमिग्रेशन उतरवून ठेवतं, तिथला शब्दच आहे ‘ऑफलोड’. ज्याच्या नावाची बातमी छापून आली आहे, तो पर्यटक असल्याचं कोणता अधिकारी मानेल?

किरकोळीत: सर्दीची गोळी सामानात टाकताना डबी वाचावी, दहा टक्क्यांहून जास्त स्युडोएफेड्रिन असलेलं औषध जपानात नेता येत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध महिन्याहून जास्त न्यायचं तर आधी परवानगी काढावी. बहुतेक क्लब लहान शहरांत, गाडीशिवाय पान हलत नाही. फिलिपिन्सचा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे वर्षभर चालतो, पण फिलिपिन्समध्ये गाडी उजवीकडून, जपानात आपल्यासारखी डावीकडून. पहिला आठवडा कोणीतरी शेजारी बसावं. पोचून घर मिळालं की चौदा दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा.

पैशाचं एकच सांगतो, कारण तिथे लोक हमखास फसतात. करार वर्षाहून कमी मुदतीचा असेल, तर खेळाडूला अनिवासी धरून सरसकट २०.४२ टक्के कापले जातात आणि विषय संपतो. वर्षाचा किंवा जास्तीचा असेल, तर तो निवासी ठरतो. मग १ जानेवारीला जो जपानात राहतो त्याला आदल्या वर्षाच्या कमाईवर सुमारे दहा टक्के रहिवासी कर, आणि त्याचं बिल जूनमध्ये येतं. मेमध्ये हंगाम संपवून घरी गेलेल्याच्या रिकाम्या फ्लॅटवर ते पडून राहतं. निघण्याआधी जपानात कर भरणारा प्रतिनिधी नेमून जावं. फिलिपिन्स मात्र परदेशी कामगाराच्या बाहेरच्या कमाईवर कर लावत नाही. राहिला येन. २०२१ मध्ये एका येनला ४५ सेंटाव्होच्या (पेसोच्या शंभराव्या भागाच्या) आसपास मिळायचे, २०२४ च्या मध्यात ३७ च्या आसपास. पगार तोच, पण घरी पोचणारी रक्कम जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी.

फाईल इथे मिटत नाही. फिबाच्या सामन्यांसाठी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत खेळाडू राष्ट्रीय संघाकडे आठवडाभर मनिलाला येतो आणि परत निघताना त्याला पुन्हा ओईसी लागतं. तोच मालक आणि तीच जागा असेल, तर ऑनलाइन सूट दहा मिनिटांत निघते. मधल्या काळात क्लब बदलला असेल तर पडताळणीपासून सगळं पुन्हा. आणि जपानातून निघतानाच एक बारीक गोष्ट असते. विमानतळावर भरायच्या कार्डावर ‘परत येणार’ असा चौकोन आहे. त्यात खूण केली तर वर्षभरात पुन्हा आत येता येतं. ती राहिली, तर निवासाचा दर्जा तिथल्या तिथे संपतो आणि सीओईपासून नवी सुरुवात, तीही हंगामाच्या मध्यात. म्हणून खेळाडू चेक-इनच्या रांगेत असताना माझा फोन जातोच. इमिग्रेशनच्या काउंटरला पोचण्याआधी त्याने कार्डाचा फोटो पाठवायचा, चौकोन दिसेल असा.