पाच वाजता आलेलीचा रोज

फेकरीच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक छोटा मंडप होता. दहा-बारा वर्षांच्या पोरानं कागदी कपात चहा पुढे केला आणि मी सवयीनं खिशातून दहाची नोट काढली. पोरगं हसलं. म्हणालं, "काका, पैसे नाय घेत. आईसाहेबांचा चहा आहे." आमच्या दिंडीतले सगळे बिनदिक्कत चहा पीत होते. मी एकटाच नोट हातात धरून उभा. ती परत खिशात घालताना जे ओशाळल्यासारखं झालं, ते पुढचे दोन दिवस काही गेलं नाही.

मी भुसावळचा. ख्रिस्ती, आमच्या घरात तिसरी पिढी. वडील लोको शेडमध्ये फिटर होते, मी रेल्वेत टीसी. सगळी नोकरी एकाच प्रश्नावर काढली: तिकीट? ज्यानं पैसे भरले तो बसणार, नाही भरले तो दंड भरणार. याच्या पलीकडे विचार करायची कधी गरज पडली नाही.

शेजारचे आबा माळकरी. लेवा पाटील, केळीचे बागायतदार, वय शहात्तर. माघातल्या वद्य एकादशीला मुक्ताईला पायी जायचं हे त्यांचं ठरलेलं. आषाढीला आईसाहेबांची, म्हणजे मुक्ताईची, पालखी पंढरपूरला निघते, ती महिनाभर चालते. तेवढं आता त्यांना झेपत नाही. पण माघवारी म्हणजे आमच्या इथून जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर, रमतगमत दोन दिवस. 2025 ला मात्र त्यांची बायपास होऊन सहाच महिने झाले होते. मुलं पुण्याला. काकूंनी आमच्या सौ.ला सांगितलं, सौ.नं मला. "तुम्हाला घरी बसून तरी काय काम आहे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दशमी रविवारी आली होती, म्हणजे चर्चमधली उपासना चुकणार. आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "जा की. पण चालून काही मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच." माहीत कसं नसणार. संडे स्कूलपासून तेच ऐकत आलोय: तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं, कर्मानं नाही. आमच्या प्रोटेस्टंट पंथाचा मूळपुरुष मार्टिन लूथर तरुणपणी रोमला गेला, तिथल्या पवित्र जिन्याच्या 28 पायऱ्या गुडघ्यांवर चढला, आणि वर पोचल्यावर त्याच्या मनात आलं, अशानं पुण्य मिळतं हे खरं की काय कोण जाणे. ही गोष्ट मी स्वतः पोरांना शिकवलीय. त्यामुळे बूट घालून निघताना थोडं हसूच येत होतं.

चाळीस माणसांची दिंडी. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दोन तास समोरच दिसत राहतात, कितीही चाला, जवळ म्हणून येत नाहीत. डाव्या हाताला केळीच्या बागा, उजव्या हाताला कापणीला आलेली दादर ज्वारी. ट्रक इतके जवळून जातात की पताका आडवी होते. आबा छातीवर हात ठेवून हळूहळू चालत होते, आणि दर अर्ध्या तासाला मी "बसायचं का?" म्हणून विचारत होतो. बसायची गरज खरं तर मला होती. नवे बूट चावले होते.

रात्री वरणगावला मुक्काम. ज्यांच्या अंगणात उतरलो त्यांनी वरण-बट्टी केली होती, सोबत वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी हातानं फोडून तिच्यावर तूप सोडायला एक आजी पंगतीत फिरत होती आणि "पुरे" म्हटलेलं तिला ऐकू येत नव्हतं, किंवा ऐकायचं नव्हतं. मी पुन्हा विचारलं, वर्गणी कोणाकडे द्यायची? आबा म्हणाले, "तू गप बस ना भो."

जेवण झाल्यावर अंगणात पडलो होतो. आबांनी विचारलं, "एक सांग. तुमच्यात म्हणतात देवानं जीव दिला म्हणून तुम्ही सुटले. दुसऱ्यानं भरलं तर आपलं कसं काय चुकतं?"

आता टीसीला हा प्रश्न म्हणजे घरचाच. मी त्यांना पासचं सांगितलं. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांनी आम्हाला हावड्यापर्यंत नेलं होतं. पासवर कारकुनानं लिहिलं होतं: स्वतः, पत्नी, दोन मुलगे. तपासनीस आला, त्यानं पास बघितला, आमच्याकडे बघितलं आणि पुढे गेला. मी काय केलं होतं त्या प्रवासासाठी? काही नाही. वडिलांचा मुलगा होतो, बस. पण भाडं कोणीच भरलं नव्हतं असंही नाही. ते शेडमधल्या धुरात, इंजिनाच्या राखेत वडिलांनी भरलं होतं. त्यांच्या नखांतला काळा कधी निघाला नाही. मला फुकट होतं, त्यांना नव्हतं.

"मंग लेकरानं काहीच करायचं नाही?"

"करायचं ना. खिडकीतून संत्र्याची सालं फेकली तर वडील कानफटात द्यायचे. पण नीट वागलो म्हणून पासवर नाव आलं नव्हतं. नाव होतं म्हणून नीट वागायचं."

बायबलात प्रेषित पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच क्रम आहे. आठव्या-नवव्या वचनात कृपेनं तारण, ते देवाचं दान, कोणी फुशारकी मारायची नाही. आणि लगेच दहाव्यात सत्कर्मं. आधी काय आणि मग काय, एवढाच मुद्दा आहे, पण सगळं त्यावर उभं आहे. आमच्यातलेही पुष्कळ जण समजतात की येशूनं वधस्तंभावर रक्त सांडलं तेव्हा कुठे रागावलेला देव निवळला आणि प्रेम करायला लागला. तसं नाही. प्रेम आधी होतं, म्हणून वधस्तंभ झाला. आपण पापी होतो, तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं रोमकरांस पत्रात आहे, सुधारल्यावर नाही. हे मी आबांना सांगितलं. ते "हं" म्हणाले. मग घोरायला लागले. त्यांच्या घोरण्याला बायपासचा काही उपद्रव झालेला नव्हता.

एकादशीला पहाटे काकडा झाला आणि निघालो. थंडी चांगलीच होती. माझ्या टाचेला फोड आलेला बघून एका मावशीनं स्वतःच्या पिशवीतली जुनी चप्पल काढून दिली, बूट माझ्या खांद्यावर टांगले. बायकांच्या चपलेत चालणारा टीसी, म्हणून दिंडीत बरीच करमणूक झाली.

त्या मावशीसोबत तिच्या गावच्या चार-पाच जणी होत्या. सगळ्या रोजानं जाणाऱ्या. दोन दिवसांपूर्वीपर्यंत हरभरा उपटत होत्या. मी ख्रिस्ती आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. एकीनं म्हटलं, "मंग तुमच्या येशूची एखादी गोष्ट सांगा ना भाऊ, रस्ता तरी सरन." मला त्यांना ऐकवण्याजोगी मत्तयाच्या विसाव्या अध्यायातलीच गोष्ट आठवली. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर बोलावतो, दिवसाचा एक दिनार ठरवतो. मग नऊ वाजता आणखी काही जणांना आणतो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाच वाजता चौकात उभे असलेले सापडतात त्यांनाही. एकच तास काम. संध्याकाळी पैसे वाटताना आधी शेवटच्यांना बोलावतो आणि त्यांच्या हातावर पूर्ण दिनार ठेवतो. पहाटेपासूनचे मनात म्हणतात, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही तेवढाच.

माझा अंदाज होता की या भडकतील. मी स्वतः लहानपणी ही गोष्ट ऐकून भडकलो होतो आणि खरं सांगायचं तर आतून अजूनही भडकलेलाच आहे. एकजण म्हणालीही, "असं केलं तर मुकादमाले शिव्या बसतीन. उद्या पहाटी कोण येईन कामावर?" सगळ्या हसल्या.

चप्पल देणारी मावशी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "ती पाच वाजेलोक उभी का होती?"

मी म्हटलं, "तिला कोणी कामावर घेतलं नाही म्हणून." गोष्टीत तसंच आहे. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी लावलंच नाही.

"मंग दिवसभर उभं राहणं काय सोपं आहे? आम्ही राह्यलो ना तशा. म्हातारी दिसली की मुकादम दुसरीले घेऊन जातो." थोडं चालली. "अन तिच्या घरची लेकरं काय एका तासाचीच भाकर खातीन?"

मी या गोष्टीवर निदान वीस प्रवचनं ऐकली असतील. मजूर म्हणजे कोण, पाच वाजता आलेले म्हणजे कोणतं राष्ट्र, मालक म्हणजे कोण. दिनार म्हणजे एका घराचं एका दिवसाचं जेवण, आणि मालकानं काम मोजलं नाही, भूक मोजली, हे कोणी असं सांगितलं नव्हतं. हिला गोष्ट ऐकून अर्धा मिनिटसुद्धा झालं नव्हतं. हरताळ्यापर्यंत मी कोणाशी फारसं बोललो नाही.

त्याला कारणही होतं. माझा धाकटा भाऊ. दारू, उसनवारी, वडिलांच्या फंडातून घेतलेली खोली विकली, मग आठ वर्षं पत्ता नाही. 2004 मध्ये परत आला तेव्हा आईनं काय करावं? मांडे भाजायचं खापर काढलं आणि पुरणाचे मांडे केले. गुडघे धरलेली म्हातारी, चुलीपुढे बसून हातावर मांडा मोठा करतेय, डोळ्यांतून धुरानं पाणी, आणि तोंडानं "आणखी एक घे" चाललेलं. मी ताटावरून उठलो. तिच्या औषधाचे पैसे दर महिन्याला मी देत होतो, माझ्यासाठी खापर कधी निघालं होतं? त्यानंतर भावाशी अकरा वर्षं बोललो नाही. बोललो तेव्हा तो दवाखान्यात होता, आणि फार बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

बायबलात लूकच्या पंधराव्या अध्यायात हे सगळं लिहिलेलं आहे: वाटणी उडवून घरी परतलेला धाकटा मुलगा, त्याच्यासाठी मेजवानी करणारा बाप, शेतावरून येऊन दाराबाहेर उभा राहिलेल्या थोरल्या भावासकट. मी ते चर्चमध्ये कितीदा तरी मोठ्यानं वाचलंय. हरताळ्याला फराळाला बसलो तेव्हा भगरीचं ताट मांडीवर घेऊन आबांना सांगितलं. आबांना थोरल्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांना बाप आवडला. "म्हातारा पळाला?"

"पळाला. पोरगं लांब होतं तेव्हाच त्याला बघून पळत गेला."

"बरोबरचे लोक काय म्हटले असतीन! गावचा पाटील माणूस, धोतराचा सोगा हातात धरून भरबाजारातून पळतोय." आबांना ते चित्र इतकं आवडलं की शेजारच्यालाही सांगितलं. मग विचारलं, "पोरगं काय म्हटलं?"

इथे एक बारीक गंमत आहे. पोरानं वाटेत वाक्यं पाठ केली होती: मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. बापापुढे त्यातली पहिली दोनच निघतात. मजुराचं वाक्य बाप येऊच देत नाही. झगा आणा, अंगठी आणा, जोडा आणा, हे मध्येच सुरू होतं. रोजानं राहायची त्याची तयारी होती. बापाला ती ऐकायचीच नव्हती.

दुपारी मुक्ताईनगरात शिरलो. पूर्वीचं एदलाबाद. गर्दी अशी की पाय जमिनीला लागत नव्हते. महाशिवरात्रीपर्यंत ही यात्रा चालते. काही दिंड्या इथून चांगदेवला जातात, तापी-पूर्णेच्या संगमावर. चांगदेवाची कथा आबांनी मला रांगेकडे जाताना पुन्हा सांगितली, जणू मी परदेशातून आलोय. चौदाशे वर्षांचा योगी, ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं मोठा म्हणून नमस्कार? ठरेना, म्हणून कोरा कागदच पाठवला. आणि ही एवढीशी मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं झाली तरी कोराच! पुढे त्यानं हिलाच गुरू केलं. "चौदाशे वर्षांची कमाई," आबा म्हणाले, "अन शेवटी पोरीपुढे हात पसरला."

सगळे धर्म एकच, असं म्हणून मोकळं होणाऱ्यांतला मी नाही. आबांचं दैवत त्यांचं. माझं तारण यरुशलेमच्या वेशीबाहेर, रोमन सुभेदार पिलाताच्या अमलात, एका शुक्रवारी झालं, असं मी मानतो, आणि ते दुसऱ्या कशात मिसळायला मला जमत नाही. पण तो कोरा कागद डोक्यातून जाईना. आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही हे कळायला एखाद्याला चौदाशे वर्षं लागतात, एखाद्याला एक नोकरी.

दर्शनाच्या रांगेत मी गेलो नाही. मावशीनं विचारलं, "तुम्ही बाहेरच का?" मी म्हटलं, चपला सांभाळतो. तेवढं तरी काम करू द्या. तिनं आपली चप्पल काढली, माझ्या पायातली तिचीच दुसरी बघितली आणि म्हणाली, "ती ठेवा तुम्हीच. फोड आहे." मी नोट काढली नाही. चाळीस जोड एका ओळीत लावले, बुटांसकट, आणि लिंबाखाली बसून राहिलो. कोणीतरी येऊन हातावर दोन केळी ठेवून गेलं. खाल्ली.

अडीच तासांनी आबा आले. घामानं डबडबलेले, कपाळाला बुक्का, चेहरा एकदम हलका. माझ्या शेजारी बसले, दम घेतला.

"तुझ्यासाठी पण माथा टेकवून आलो," ते म्हणाले. "चालतं ना तुमच्यात?"

पाळकसाहेबांनी विचारलं असतं तर याचं उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला असता. मी आबांची चप्पल ओळीतून काढली आणि त्यांच्या पायापुढे सरकवली.