ओढणाऱ्या कुत्र्याला मोकळे सोडावे का?

हस्की जातीची कुत्री घेऊन बाहेर पडले की अनोळखी माणसे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला तिच्या निळ्या डोळ्यांविषयी असतो आणि त्याचे उत्तर सोपे असते, कारण या जातीत निळे डोळे असतात, तपकिरी असतात आणि एक निळा, एक तपकिरी असेही असतात. दुसरा प्रश्न थोड्या नाराजीने येतो: एवढ्या धावणाऱ्या जनावराला दोरीला बांधून फिरवायचे, हा अन्याय नाही का?

माझे उत्तर ठरलेले आहे. चारही बाजूंनी भक्कम कुंपण असेल तर मोकळे, एरवी पट्टा. मात्र विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, कारण त्याला जे दिसते ते खरेच आहे. हे कुत्रे धावण्यासाठी घडवलेले आहे आणि माणसाच्या चालीने रमतगमत फिरण्यात त्याला फारसा रस नाही. आमचा मतभेद त्यापुढचा आहे. धावण्यासाठी घडवलेले म्हणजे मोकळे धावण्यासाठी घडवलेले, असे तो गृहीत धरतो, आणि हस्कीचे पिढीजात काम पाहिले तर त्या गृहीतकाला आधार सापडत नाही.

सायबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी जोपासलेली ही कुत्री हलके ओझे मध्यम वेगाने फार लांबवर नेण्यात तरबेज होती. जड ओझी ओढण्याचे काम अलास्काच्या मॅलम्यूट या थोराड जातीच्या कुत्र्यांचे. 1909 साली अलास्कातील नोम येथे स्लेजच्या, म्हणजे कुत्र्यांनी बर्फावरून ओढायच्या गाड्यांच्या, शर्यतीत सायबेरियातून आलेली कुत्री प्रथम उतरली, तेव्हा त्यांच्या लहान अंगलटीची थट्टा झाली. पुढच्याच वर्षी जॉन जॉन्सन यांनी त्याच जातीच्या कुत्र्यांच्या बळावर ती 408 मैलांची शर्यत जिंकली. या सगळ्या धावण्यात एक गोष्ट कायम होती: प्रत्येक कुत्र्याच्या अंगात खोगीरपट्टा होता आणि तो दोरीने गाडीला जोडलेला होता. मेंढ्या राखणारे कुत्रे मालकापासून दूर जाऊन काम करते, पण त्याचा एक कान सतत मालकाकडे असतो. शिकार उचलून आणणाऱ्या कुत्र्याचे तर परत येणे हेच काम. हस्कीचा माणूस मात्र नेहमी तिच्या मागे उभा असे आणि तिने करायचे ते पुढे जाणे. मागे वळून यावे असा प्रसंग तिच्या कामात जवळजवळ येतच नसे, मग ते तिच्या रक्तात उतरणार कुठून?

स्लेजला लगाम नसतो, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. सगळा कारभार आवाजावर चालतो. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे. पुढे जोडलेले अग्रणी कुत्रे हा हुकूम मानते, पण पुढचा बर्फ पातळ आहे असे त्याला जाणवले तर ते हुकूम मोडून वाट बदलते, आणि असे हुकूम मोडणारे कुत्रे स्लेजवाले जिवापाड जपतात. ज्या स्वभावामुळे माणसांचे प्राण वाचले, तोच स्वभाव आज मोकळ्या मैदानात आपल्याला भेटतो. आमच्या हस्कीला, राणीला, मी हाक मारतो तेव्हा ती ऐकू येत नाही असे कधीच होत नाही. तिचे कान वळतात, ती क्षणभर थांबते, माझा अर्ज विचारात घेते आणि बहुतेक वेळा फेटाळते. याला मूर्खपणा म्हणणाऱ्यांनी तिला दाराची कडी उघडताना पाहावे.

या जातीचा इतिहास सांगताना टोगो या कुत्र्याचे नाव टाळता येत नाही, आणि या विषयात तर मुळीच नाही. नोमचे स्लेजवाले लेओनहार्ड सेप्पाला यांच्याकडचे हे पिल्लू लहानखुरे आणि उपद्व्यापी निघाले, म्हणून त्यांनी ते पाळण्यासाठी दुसऱ्या घरी देऊन टाकले. टोगोने त्या घराच्या बंद खिडकीच्या काचेतून उडी मारली आणि कित्येक मैल धावत तो परत आला. पुढे तो मोकळा सुटून जुंपलेल्या कुत्र्यांच्या मागे लागे, त्यांची खोडी काढी आणि प्रवासाचा विचका करी. अखेर वैतागून सेप्पालांनी त्या आठ महिन्यांच्या पोराला इतरांबरोबर जुंपले, तर पहिल्याच दिवशी तो 75 मैल धावला आणि दिवस संपेपर्यंत पुढच्या जागेवर पोहोचला. 1925 च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हा सुमारे 20 स्लेजवाल्यांनी साखळी करून 674 मैलांवरून औषध आणले. त्यातला सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा सेप्पाला आणि टोगो यांनी पार केला, जरी शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. मला त्या पराक्रमापेक्षा आधीचा भाग अधिक बोलका वाटतो. मोकळे असताना जे कुत्रे सर्वांच्या डोक्याला ताप होते, ते दोरीला जोडल्यावर स्थिरावले.

आता मोकळे सोडल्यावर काय बिघडते ते थोडक्यात. हस्कीची शिकारीची ओढ जबर असते. मांजर, खार, कोंबडी यांपैकी काहीही पळताना दिसले की ती सुटते आणि मग रस्ता, वाहने, अंतर यांचे भान तिला उरत नाही. राखणदारीचा तर तिच्यात अंशही नाही, त्यामुळे वाटेत भेटलेल्या कोणाही परक्याबरोबर ती आनंदाने निघून जाऊ शकते. हाकेला येणारी हस्की असतेच, हे मी मान्य करतो. लहानपणापासून दहा-पंधरा मीटरच्या लांब दोरीवर, खाऊ देऊन, चिकाटीने शिकवले तर पुष्कळ फरक पडतो आणि तसे प्रत्येकाने शिकवावेही. पण अशा कुत्र्यांचे अभिमानी मालक जे परत येणे दाखवतात, ते बहुधा शांत मैदानातले असते. खरी परीक्षा पाहायची तर तेथे एखादे मांजर हवे, आणि ती परीक्षा घ्यायला कोणताही शहाणा मालक तयार होणार नाही.

तरीही पट्ट्याच्या बाजूने बोलताना मला एक गोष्ट खटकते. पट्टा म्हणून सर्रास जे दिसते, म्हणजे आखूड दोरी, ती गळपट्ट्याला अडकवलेली, आणि ओढले की मागे हिसका, ते हस्कीसाठी खरोखरच शिक्षेसारखे आहे. गळ्यावर ताण येतो, कुत्रे घोगऱ्या आवाजात खोकते आणि माणसाचा खांदा दुखतो. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी तर मला मुळीच पसंत नाही. ताण दिला की दोरी वाढते, म्हणजे ओढण्याचे बक्षीस मिळते, आणि बारीक दोरीने बोटे कापतात ती वेगळीच. अशा वेळी मोकळे सोडणाऱ्यांची तक्रार अगदी रास्त ठरते.

त्यावरचा उपाय ओढणाऱ्या जातीला ओढू देणे हा आहे. छातीवर आणि पाठीवर ताण वाटून घेणारा खोगीरपट्टा, मध्ये रबरी ताण असलेली दोरी आणि माणसाच्या कमरेला रुंद पट्टा, एवढे साहित्य असले की कुत्रे पुढे आणि माणूस मागे असे दोघांना धावता येते; याला कॅनिक्रॉस म्हणतात, आणि हाच प्रकार सायकल जोडून किंवा बर्फावर स्की लावूनही करतात. पिल्लाची हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे निदान वर्षभर तरी, त्याला जुंपू नये. केसांचे दोन थर असलेल्या या जातीला ऊन सोसत नाही, म्हणून धावणे पहाटेच उरकावे. साध्या फेरीला मी गळपट्टा बांधतो आणि धावायला खोगीरपट्टा. कोणती वस्तू खुंटीवरून खाली आली यावरून आज ओढायचे की सैल दोरीने चालायचे हे राणीला न सांगता कळते, आणि तिच्याएवढी शिस्त मी माझ्या ओळखीच्या पुष्कळ माणसांत पाहिलेली नाही.

हे सगळे करायला वेळ नसेल आणि कुंपणही नसेल, तर दुसऱ्या जातीचे कुत्रे पाळावे, हे माझे मत काहींना कठोर वाटते, वाटू द्यावे.

कुंपणाच्या आत मात्र तिला मोकळे सोडताना मी हात आखडता घेत नाही. सहा फूट उंची हवी, जाळी जमिनीखाली गाडलेली हवी, कारण ती उत्तम खणते, आणि फाटक दुहेरी असेल तर फारच चांगले. पट्टा काढला की ती पोट जमिनीला घासेल इतकी वाकून गोल गोल सुसाट धावते, आणि दम थोडा खाली बसला की कुंपणाच्या कडेने नाक लावून संपूर्ण फेरी मारते. म्हणून कुंपण आधी मी एकदा फिरून तपासतो, कारण माझ्यामागून ती तपासणार असतेच, आणि ते काम ती माझ्यापेक्षा बारकाईने करते.